बोगद्याच्या टोकाला सासरे

जावईबापूंचा पेशा दुसऱ्यांची नेटवर्कं दुरुस्त करण्याचा. घरचं काम आपण डोळे मिटून करू, असा त्यांचा समज होता. समज त्यांचाच, बायकोचा नव्हता.

बायको नकाशे काढायची. नकाशांचा अवजड संगणक घरी, आणि ती दोनशे किलोमीटरवर, खुब्याचं हाड मोडून पडलेल्या वडिलांपाशी. सोमवारी दहाला काम सुरू झालं नाही तर ऑफिस तिला परत बोलावणार होतं. मग सासऱ्यांजवळ कोण? सासरे म्हणत, "कोणी नको. मी काय तान्हं बाळ आहे? जा तू." जन्मभर टेलिफोनच्या खांबांवर चढलेला माणूस, आता कूस बदलायलाही मदत लागे, आणि त्याची त्यांना लाज वाटे.

घरचा संगणक तिला तिथूनच चालवता यावा म्हणून जावईबापूंचा उपाय म्हणजे दोन घरांमध्ये बोगदा: इंटरनेटच्या भर रस्त्यातून जाणारी, फक्त या दोन घरांची बंद वाट. सासऱ्यांच्या पलंगाशेजारी डब्याएवढा एक संगणक त्यांनी आधीच ठेवला होता. रविवारी दुपारी घरी चहा घेऊन बसले, इथूनच त्या डब्यात शिरले, दोन्हीकडे किल्ल्या बसवल्या, चार आज्ञा टाइप केल्या. पलीकडे पिंगची हाक मारली, लगेच ओ आली. शहाणा माणूस इथे उठला असता.

यांच्या अंगात आलं. डब्याची सगळीच ये-जा बोगद्यातून होऊ दे! एक ओळ, एंटर. डब्याने इमानेइतबारे ऐकलं: सगळं म्हणजे सगळं, खुद्द बोगदासुद्धा बोगद्यातूनच धाडला. स्क्रीन गोठला. बसल्या फांदीवर कुऱ्हाड घालून जावईबापू खाली.

बायकोला फोन लावला. ती औषधं आणायला गेली होती, फोन घरीच विसरून. उचलला सासऱ्यांनी.

"बाबा, सहज केला होता..."

"नऊ वर्षांत सहज कधी केला नाहीत. काय तोडलंत?"

सांगावंच लागलं.

"खाली कोण उभं होतं?"

"खाली?"

"आम्ही खांबावर चढलो की खाली एक माणूस असायचाच. तुम्ही एकटेच चढलात?"

खरं तर नोकरीत हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात: दूरच्या यंत्रात हात घालण्याआधी त्याला सांगून ठेवायचं, पाच मिनिटांत माझा पत्ता नसेल तर आपोआप बंद होऊन चालू हो. पण घरच्या कामाला एवढं कोण करतो?

"डब्याचं भिंतीवरचं बटण बंद-चालू केलं की ती शेवटची ओळ जाईल, बोगदा राहील," ते म्हणाले. "पण तुम्ही हलू नका! तिला येऊ दे."

पलीकडे खडखड झाली, एक सणसणीत शिवी ऐकू आली, मग काठी भिंतीवर आपटली. जावईबापूंचा जीव टांगणीला. तिसऱ्या खेपेला बटण खटकन वाजलं, थोड्या वेळाने पुन्हा एकदा. दोन मिनिटांत पिंगला ओ आली आणि ते खुर्चीतच ओरडले.

सोमवारी दहाला नकाशे पलंगाशेजारी उघडले. अकराला बायकोचा दबक्या आवाजात फोन.

"तू बाबांना काय सांगितलंस? सकाळपासून हातात काठी, नजर बटणावर. चहालासुद्धा काठी सोडली नाही."

"काम झालं म्हणावं. आता गरज नाही."

"असलं काही सांगू नकोस. आज पहिल्यांदाच मला 'जा' म्हणाले नाहीत."

जावईबापूंनी फोन सासऱ्यांकडे द्यायला लावला.

"बाबा, तीन वाजता जरा वर चढायचंय. खाली उभे राहाल ना?"

"पडल्या पडल्या चालत असेल," सासरे म्हणाले, "तर कालपासून उभाच आहे."