पुस्तकातली पट्टी

सगळं चर्च तिला वहिनी म्हणायचं, कारण वन्सं म्हणायच्या. वन्सं म्हणजे तिच्या नवऱ्याची थोरली बहीण आणि गायनवृंदाचा कणा. वहिनी ऑर्गन वाजवायची, वन्सं गायच्या. एरवी दोघींचं पटो न पटो, उपासनेला सूर असा जुळायचा की त्याच्या जोरावर लोक पाळकसाहेबांचं लांबलचक प्रवचनही सोसून घ्यायचे.

आता आवाज काय कोणाचा जन्मभर टिकतो? साठी उलटली तशा वन्सं वरच्या सुरांना अडखळायला लागल्या. वहिनीने कोणाला न विचारता गीतं एक पट्टी खाली वाजवायला सुरुवात केली, पुढे आणखी एक. वन्संना स्वरलिपी वाचता येत नव्हती. ऑर्गनने दिला तो सूर धरायचा आणि मोकळ्या गळ्याने गायचं, एवढंच त्यांना ठाऊक. वृंदातल्या बाकीच्यांना सगळं कळत होतं, पण कोणी चकार शब्द काढला नाही. माणसं चांगली होती हो.

मग एका शनिवारी सरावाला माशी शिंकली. वहिनीचा हात चुकला, पुन्हा चुकला, आणि वन्संची जीभ सुटली. वहिनीची बोटं भांडी घासायलाच बरी, असं त्या सगळ्यांसमोर बोलून गेल्या. लोक हसले. वहिनीही हसली, पण शब्द जिव्हारी लागले. हिच्यासाठी आपण एवढं सांभाळून घेतो आणि वर हे ऐकून घ्यायचं?

दुसऱ्या दिवशी उपासनेत तिने गीत पुस्तकात छापलं होतं त्याच पट्टीत वाजवलं. बस, एवढंच केलं. कोणी विचारलं असतं तर उत्तर तयार होतं: छापलंय तसं वाजवलं, माझं काय चुकलं?

तिसरं कडवं वन्संचं एकटीचं. पहिल्या ओळीला मान ताणली गेली, दुसऱ्या ओळीला आवाज चिरकला, आणि तिसरी ओळ आलीच नाही. नुसता ऑर्गन वाजत राहिला. मंडळींनी माना खाली घातल्या. वृंदाच्या मागच्या रांगेतला जाड्या आवाजाचा कंपाउंडर तेवढा वहिनीकडे बघत राहिला, आणि त्या नजरेने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथेच पट्टी उतरवता आली असती. पण तिने कडवं तसंच संपवलं.

त्यानंतर वन्सं वृंदात आल्याच नाहीत. वय झालं, लोक म्हणाले. वहिनीला मात्र अन्न गोड लागेना. शेवटी मनाचा हिय्या करून ती त्यांच्याकडे गेली. सगळं कबूल करायचं आणि त्यांना परत आणायचं, असं ठरवूनच गेली.

वन्सं घरी पडदे शिवायच्या. एरवी मशीनवर बसल्या की त्यांचं गाणं जिन्यात ऐकू यायचं. त्या दिवशी नुसती खडखड होती. त्यांनी चहा टाकला, कप पुढे केला. वहिनी तोंड उघडणार, तेवढ्यात त्याच बोलल्या.

"रागावलीस ना माझ्यावर? नको ते बोलले मी तुला. देवाने दुसऱ्याच दिवशी कानफटात दिली बघ."

"तसं नाही, वन्सं. चूक माझी..."

"तुझी कसली? गळा माझा. पण एक समाधान आहे वहिनी. त्या रविवारपर्यंत आवाज जसाच्या तसा होता. लग्नाआधी ज्या सुरात गायचे, त्याच सुरात म्हातारपणीही गायले. खरं सांग, होता की नाही? तुझ्याइतकं कोणाला ठाऊक?"

वहिनीने कप खाली ठेवला. खरं सांगितलं तर वन्सं कदाचित परत आल्या असत्या, खालच्या पट्टीत गायल्याही असत्या. पण उरलंसुरलं हे समाधान तिने स्वतःच्या हाताने काढून घेतलं असतं. आणि न सांगावं, तर त्या पुन्हा कधी गाणार नव्हत्या. एकदा घाव घालून झाला होता. दुसऱ्यांदा तिचा हात उचलेना.

"होता," ती म्हणाली. "अगदी तसाच."

वन्संचा चेहरा खुलला.

"मग एक कर. माझ्या मातीला त्या रविवारचं ते गीत तूच वाजव. पुस्तकात आहे त्याच पट्टीत हं. लोकांच्या सोयीसाठी खाली उतरवू नकोस. मी कधी उतरवून गायले नाही."

वहिनीने हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होती ती?