हारुएबाईंची चाळीस मिनिटं

पुरुषोत्तम आयर्लंडमधल्या ॲथलोनच्या मराठी मंडळाचा सचिव. दोन हजार एकवीसच्या जानेवारीत अण्वस्त्रबंदीचा करार लागू झाला, तेव्हा त्यानं हिरोशिमातून वाचलेल्या हारुएबाईंना झूमवर बोलावलं. बाई त्र्याऐंशीच्या, पाठ भाजलेली, गळ्यावर दोन शस्त्रक्रिया झालेल्या. बोलणं इंग्रजीत सांगायला शेजारी त्यांची लेक. फुकटातली मीटिंग चाळीस मिनिटांची. हिशेब चोख होता, फक्त त्यात पुरुषोत्तम धरलेला नव्हता.

आधी स्वागतगीत. मग समई. आगीत होरपळलेल्या बाईसमोर ज्योत पेटवू नये, एवढी साधी अक्कल एकालाही सुचली नाही. मग पाहुण्यांची ओळख. ओळख कसली, स्वतःचीच वरात! अणू म्हणजे काय इथून सुरुवात, वर शांततेवरची स्वरचित कविता. अठ्ठ्याण्णव साली पोखरणला स्फोट झाले तेव्हा याच गृहस्थानं कॉलेजात पेढे वाटले होते, तो भाग मात्र भाषणातून गळाला.

पलीकडच्या खोलीतून बायकोचा, वीणाचा, मेसेज आला : 'पुरू, आवर! त्या नुसत्या बसल्यात.'

त्यानं घड्याळ पाहिलं. छत्तीस मिनिटं झाली होती.

हारुएबाईंनी हातातले कागद खाली ठेवले. "माझी गोष्ट राहू द्या," त्या म्हणाल्या. "तुमच्या देशानं करारावर सही करावी, आमच्यासारख्यांच्या उपचाराला मदत करावी, असं पत्र तुमच्या दूतावासाला लिहा. कोण लिहील?"

आयर्लंडची सही झालेली होती. म्हणजे पत्र जाणार भारतीय दूतावासाला. बत्तीस चौकोनांतल्या माना खाली गेल्या.

मंडळातला नंदकुमार खाकरला. "पुरू, पासपोर्ट तिथूनच रिन्यू होतो बरं का. माझा मार्चमध्ये आहे."

पुरुषोत्तमचा एप्रिलमध्ये होता. आमचा शूरवीर लगेच आयरिश थाटात म्हणाला, "मंडळातर्फे पाठवू की! ग्रँड!"

"मंडळाला भाजत नाही," बाई म्हणाल्या. "नाव कुणाचं?"

त्यानं तोंड उघडलं आणि मीटिंग संपली.

"सुटलो बुवा!" तो मोठ्यानं म्हणाला.

वीणा दारात उभी होती. "ऐकलं मी. लिंक पाठव परत."

"आणि सांगू काय?"

"नाव सांग. भाषण नको."

लिंक पुन्हा गेली. बत्तिसांतल्या फक्त अलकनंदाकाकू आल्या, त्याही बटण चुकून दाबल्यामुळे. हारुएबाई मात्र लेकीसह हजर. पुरुषोत्तमनं कॅमेऱ्यासमोर कागद धरून दोन ओळी लिहिल्या, खाली पूर्ण नाव, पत्ता, सही. धास्ती होतीच. अणुयुद्धाची नव्हे, एप्रिलची.

"उत्तर आलं नाही तर?" त्यानं विचारलं.

"येत नाहीच बहुतेक. पुन्हा लिहायचं." बाईंनी कागद उचलले. "बसा आता. माझी बहीण तेव्हा पाच वर्षांची होती."