सोमवारचा भाव

लोक वर्षं कशावरून लक्षात ठेवतात कोण जाणे, मी भावावरून ठेवते. तिकडचे शंभर दिले की इकडचे किती हातात पडतात, तो भाव. मुलगा सरहद्दीपलीकडे बोगदे खणायच्या कामावर गेला तेव्हा चाळीस पडायचे. पंचेचाळीस झाले तेव्हा त्याचं लग्न केलं, बावन्नला नात झाली, आणि साठ ओलांडले त्या उन्हाळ्यात घरावरचे पत्रे जाऊन पक्कं छप्पर आलं. दोन टीचभर देश, नकाशात एका बोटाखाली झाकले जातील, पण प्रत्येकाला आपलंच वेगळं नाणं हवं. त्यांच्या या मिजाशीपायी आमची आमटी कधी दाट, कधी पाणी.

फोन केला की तो आधी भाव सांगायचा आणि मग तब्येत विचारायचा. मी बँकेशी बोलतेय की पोटच्या पोराशी, असं म्हणून मी त्याला झापायचे. तो हसायचा. दुसऱ्या दिवशी परत तेच.

त्या सोमवारी भाव चौसष्ट होता. सकाळी त्यानंच सांगितला. दुपारी बोगदा ढासळला. आत दोघं अडकले, एक माझा मुलगा आणि दुसरा एक, ज्याच्या मागेपुढे कुणी नव्हतं. मंगळवारी तिकडच्या सरकारनं आपलं नाणं एकदम उतरवलं आणि भाव बावीसवर आला. आम्हाला त्याचं काय सोयरसुतक! मी आणि सून फोन मधे ठेवून बसलो होतो, जीव टांगणीला लावून.

गुरुवारी सकाळी त्याच्या कामावरच्या जोडीदारानं फोनवर एक आवाज पाठवला. बोगद्यात एक जुनी लोखंडी नळी आतपर्यंत गेली होती आणि तिच्यावर आतून कुणीतरी ठोकत होतं. दोनदा, मग जरा थांबून एकदा. लहानपणापासून तो आमचं दार असंच वाजवायचा. कडी समोर लोंबत असायची, तरी मूठच आपटायचा. दार मोडशील मेल्या, म्हणून मी किती वेळा ओरडले असेन. मी त्या जोडीदाराला सांगितलं की हा माझाच आहे, शंभर टक्के माझाच, सांग जाऊन सगळ्यांना. सुनेला मिठी मारली. लग्नातसुद्धा मारली नव्हती मी तिला मिठी. संध्याकाळी ठोकणं थांबलं, आणि रविवारी दोघांनाही बाहेर काढलं.

रडून डोळे कोरडे व्हायच्या आत कंपनीचा कागद आला. भरपाईची रक्कम तिकडच्या नाण्यात ठरलेली, पण ती आम्हाला इकडच्या नाण्यात द्यायची, आणि तीही माणूस ज्या दिवशी गेला त्या दिवसाच्या भावानं. सोमवारी गेला असेल तर नातीचं शिक्षण आणि आम्हा दोघींची पोटं निघत होती. गुरुवारी गेला असेल तर छपराचं कर्जसुद्धा फिटत नव्हतं. कोण कधी गेलं ते सांगता येत नाही म्हणून डॉक्टरनं हात वर केले. कंपनीनं गुरुवार धरला, कारण जोडीदार बिचारा खरं तेच बोलला होता, की त्याच्या आईनं त्याचं ठोकणं ओळखलंय.

आमच्या वकीलबाई खोटं बोला असं काही म्हणाल्या नाहीत. लोखंडावरचा आवाज कुणाचाही असू शकतो, खात्री नसेल तर तसं सांगा, एवढंच म्हणाल्या. त्या दुसऱ्या माणसाचं कुणीच नाही, तेव्हा गुरुवार त्याला दिला तर कुणाचं काही जात नाही. पानात वाढल्यासारखा त्या गुरुवार वाढत होत्या.

सून सरळ नाही म्हणाली. "आई, ते चार दिवस आतून ठोकत होते. ते मला पुसायचं नाही. मी शिवणकाम करीन."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दोन झबली शिवून घर चालवणार होती ती! मी म्हटलं, तुला विचारतंय कोण, बोलायचं मला आहे. पण पैशाचं राहू द्या, मलाही सोमवारच हवा होता. सोमवार म्हणजे एकच दगड, आणि पुढचं काही त्याला कळलंच नाही.

कामगार कचेरीतल्या टेबलावर काच होती आणि काचेखाली अधिकाऱ्याच्या मुलांचे फोटो. कंपनीच्या माणसानं फोन त्या काचेवर ठेवला, त्यामुळे आवाज आणखीच खणखणीत आला. दोनदा, मग थांबून एकदा. तीस वर्षं त्या आवाजाला मी हातातलं टाकून उठत आलेय. गुडघे आपोआप उठायला लागले. मी मांडीवरची पिशवी घट्ट दाबून धरली.

"आजी," अधिकाऱ्यानं विचारलं, "हा तुमचा मुलगा आहे का?"

"नाही. माझा असा वाजवत नाही."

त्यानं परत एकदा लावलं आणि नीट ऐकायला सांगितलं. मी नीट ऐकलं. "कोण आहे, मी ओळखत नाही," मी म्हटलं. सुनेनं माझा हात धरला नाही, आणि मीही तिच्याकडे हात केला नाही.

पैसे आले, सोमवारच्या भावानं. कर्ज फिटलं. सून माझ्याशी नीट बोलते, गोळ्या वेळेवर देते, तक्रारीला जागा नाही. नात शाळेतून येते तेव्हा बापासारखंच दार वाजवते, त्यानंच शिकवलंय तिला. मी दाराला लागूनच बसलेली असते, पण तो आवाज आला की मला उठवत नाही. तिकडे अंधारात चार दिवस तो दार वाजवत होता आणि आईनं आतून सांगितलं, ओळखत नाही. सूनच मग हात पुसत धावत येते.

"आजी, तू इथेच तर असतेस," नात परवा रुसून म्हणाली. "मीच आहे हे कळत नाही का तुला?"

कळतं गं बाई, मी म्हटलं. पहिल्या ठोक्यालाच कळतं.