सगळे शेंगदाणे पासवर

मित्रांनो, लाल, काचेसारखा आरपार दिसणारा मी एक जुना फासा आहे. माझा जन्म परदेशातला. मी आणि माझा जुळा भाऊ एका कॅसिनोत नोकरीला लागलो. काय तो आमचा थाट! लोक आमच्यावर फुंकर घालायचे, आमचे मुके घ्यायचे. पण सगळं औटघटकेचं. कोपरे झिजले तर दान चुकेल, म्हणून आठ तासांतच आम्हाला निवृत्त केलं. मग कॅसिनोच्याच दुकानातल्या टोपलीत धूळ खात पडलो.

तिथून अविनाशने आम्हाला उचललं. साल १९९६. गुडगावात नव्याने आलेल्या कंपनीने त्याला परदेशी शिकायला पाठवलं होतं. दिल्लीत, मयूर विहारच्या घरी त्याची आई होती, सुनीती. तिथल्याच मराठी शाळेत गणित शिकवून ती त्याच वर्षी निवृत्त झाली होती. मला ती पाहताक्षणीच आपल्यातली वाटली.

"जुगार? माझ्या घरात?"

"शेंगदाण्यांवर गं आई. चलो, बस ना यार!"

"मी तुझी यार नाही," म्हणत तिने वाटीभर शेंगदाणे आणले.

अविनाशने वर्तमानपत्रावर दोन चौकोन काढले. एकात लिहिलं 'पास'. दुसऱ्यात 'नापास' लिहिताना त्याचा हात थबकला. सातवीत त्याला गणितात नापास केलं होतं ते खुद्द आईनेच, दोन गुणांनी. त्यावर दोघं कधी बोलली नव्हती. तेव्हापासून आईचा आपल्यावरचा भरवसा उडाला, हे मात्र त्याच्या मनात घर करून बसलं होतं.

"मी पहिल्याच दानाला सात किंवा अकरा टाकले तर पास," तो सांगू लागला. "दोन, तीन, बारा आले तर नापास. दुसरं काही आलं, तर तोच आकडा सातच्या आधी परत आणायचा; सात आधी आले तर नापास. तू कशावर शेंगदाणे ठेवायचे ते ठरव."

"म्हणजे सात आधी चांगला, मग वाईट?"

"बिल्कुल."

त्याने आम्हाला टाकलं. चार आले.

"तू नवीन आहेस, आई. हवं तर आता शेंगदाणे नापासवर ठेव."

सुनीतीने बोटांवर मोजलं. "सात हा आकडा सहा प्रकारे पडतो. चार मात्र तीनच प्रकारे."

आणि तिने अख्खी वाटी पासवर ओतली.

"हिशोब चुकला तुझा."

"हिशोब बरोबर आहे. तुला एकदा नापास केलं, तेवढं पुरे. त्या दिवशी मी जेवले नव्हते रे."

मित्रांनो, मी जीव तोडून गडगडलो. पण फासा पडेल तो डाव! माझे तीन, भावाचे चार. सात.

अविनाशची मान खाली गेली. सुनीतीने आम्हाला गोळा करून त्याच्या तळहातावर ठेवलं आणि ती आणखी शेंगदाणे आणायला उठली.

"टाक परत," ती म्हणाली.

आता माझे ठिपके पुसट झालेत. मला जपलं नाहीत तरी माझं काही म्हणणं नाही. पण तुमच्या घरातलं माणूस फासे हातात घेऊन बसलं असेल, तर शेंगदाणे त्याच्या बाजूने ठेवा, मित्रांनो. गणित येत असलं तरी.