फुकटच्या रविवारची होडी

मित्रांनो, बागेच्या पाटीवर माझ्या चित्राखाली 'हंस' असे लिहिले आहे, त्यावर जाऊ नका. मी पायडलची होडी आहे, बरीच जुनी, आणि माझे तोंड बदकाचे आहे. पाय मला नाहीत. आत बसणाऱ्याचे पाय तेच माझे, त्यामुळे जन्मभर मी दुसऱ्यांच्या पायांनी हिंडले.

हंसाचे बदक कसे झाले ते आधी सांगते, नाहीतर तुमचे लक्ष माझ्या मानेकडेच राहील. एका लहानशा कारखान्यात फायबरच्या साच्यातून मला काढले. कारागिरांनी हौसेने मला उंच, डौलदार मान केली. सगळे जण लांब उभे राहून बघत होते आणि एकमेकांची पाठ थोपटत होते. मग मला बाहेर काढायची वेळ आली आणि कारखान्याचे दार ठेंगणे आहे हे सर्वांच्या एकदमच लक्षात आले. कारखानदार म्हणाला, दाराची चौकट काढू. जागेचा मालक म्हणाला, चौकटीला हात लावून तर बघा. शेवटी करवत माझ्याच मानेवर चालली. मान अर्धी झाली आणि चोच मात्र हंसाच्या मापाची राहिली.

मला फार वाईट वाटले होते. पण तळ्यावर आले त्या दिवशी एक चिमुरडी "बदक, बदक!" असे ओरडत धावत आली आणि तिने माझ्या गळ्याला मिठी मारली. हंसाच्या मानेपर्यंत तिचे हात पोचले नसते. तेव्हापासून त्या करवतीवरचा माझा राग गेला.

माझ्या पोटात पुढे दोन आसने आहेत आणि मागे मुलांसाठी एक लांब बाक. पुढच्या दोघांनी पायडल मारायचे. दोघांची पायडले एकाच दांड्यावर आहेत. तिथून एक चेन मागच्या चाकाकडे जाते आणि ते चाक पाणी ढकलते. एकाने अंग चोरले की दुसऱ्याच्या मांड्या भरून येतात. इतकी वर्षे मी ऐकते आहे, पुढे बसलेल्या प्रत्येकाला वाटते की पायडल काय ते आपणच मारतो आहोत आणि शेजारचा नुसता हवा खातो आहे. नवीन लग्न झालेली जोडपी तेवढी "तू दमली असशील, राहू दे" असे म्हणतात. तीच जोडपी पुढच्या वर्षी आली की त्यांचे म्हणणे बदललेले असते.

धक्क्यावर शिट्टी घेऊन उभा असतो त्याला सगळे तराजूमामा म्हणतात. धक्क्याची एक फळी सैल आहे. माणसाने तिच्यावर पाय ठेवला की ती किती दबते एवढेच तो बघतो आणि सारख्या वजनाची दोन माणसे पुढे बसवतो. एक जड आणि एक हलका बसला की मी एका अंगाला कलते आणि एकाच जागी गोल गोल फिरत राहते, म्हणून त्याने ही पद्धत काढली. गर्दीच्या दिवशी तर तो नवरा-बायको बघत नाही, ओळखीचे-अनोळखी बघत नाही. "नाती घरी, इथे वजन!" असे म्हणतो आणि शिट्टी फुंकतो. त्याच्याशी हुज्जत घालून आजवर कुणाचे काही चाललेले नाही.

एके काळी माझ्यासाठी रांग लागायची. मग बॅटरीवर चालणाऱ्या चकचकीत होड्या आल्या. त्यांत नुसते बसायचे. मला कोठीमागे पालथी घालून ठेवले. माळी माझ्या पाठीवर ओली पोती वाळत घालू लागला. एका मांजरीने माझ्या पोटाखाली पिल्ले घातली, तेवढीच काय ती सोबत. एका डोळ्याचा रंग उडाला होता. कुणीतरी कुंपणाच्या उरलेल्या रंगाने तो भरला आणि तेव्हापासून मी जराशी तिरळी बघते. चेनला तर कुणी बोटही लावले नाही.

पण महिन्याचा पहिला रविवार आला की माझी आठवण होते. त्या दिवशी बागेला तिकीट नाही, तळ्यालाही नाही. नव्या होड्या पुरत नाहीत, म्हणून मला उताणी करून पाण्यात सोडतात. मित्रांनो, त्या दिवशीची माणसे बघावीत! घरून डबे बांधून आणलेले, पाण्याच्या बाटल्या पिशवीत, पोरांच्या केसांचा भांग ओल्या कंगव्याने पाडलेला. दिवस मावळेपर्यंत कुणाचा पाय बागेतून निघत नाही. लांबच्या गावी सहलीला जाणारे कसे दिसतात ते मला माहीत नाही, पण घराजवळच्या तळ्यावर दर महिन्याला येणारे किती खूश असतात ते मी जवळून पाहिले आहे.

त्यांच्यात एक नर्सबाई आहे. तिची भाचरे तिला 'फुकट आत्या' म्हणतात आणि तीही त्या नावाला ओ देते. संग्रहालयाला तिकीट कोणत्या वारी नसते, आगीचा बंब मुलांना आतून कधी दाखवतात, टेकडीवरची दुर्बीण कोणत्या संध्याकाळी उघडतात, हे सगळे तिला तोंडपाठ. सुट्टी मिळाली की दोन भाचरांना घेऊन ती निघालीच. एक तिच्या मोठ्या भावाची मुलगी आणि दुसरा धाकट्या भावाचा मुलगा.

एकदा तराजूमामाने तिला माझ्यात एका परक्या, मिशाळ गृहस्थाच्या शेजारी बसवले. ती रागाने लाल झाली होती. पण फेरी संपल्यावर ती घरी गेली नाही. बराच वेळ त्या सैल फळीकडे आणि तराजूमामाकडे बघत उभी राहिली, आणि मग एकटीच हसली.

पुढच्या फुकटच्या रविवारी तिचे दोघे भाऊ धक्क्यावर आले. "माझी ड्यूटी आहे, लेकराला तूच घेऊन जा," असे तिने दोघांनाही वेगवेगळे सांगितले होते. ड्यूटी कसली, ती पलीकडे झाडामागे शेंगा खात उभी होती. एकमेकांना बघताच दोघा भावांनी तोंडे फिरवली. मोठा धक्क्याच्या या टोकाला, धाकटा त्या टोकाला. दोघे एकाच बांध्याचे, तेच रुंद खांदे, तसेच नखांत काळे तेल गेलेले हात. पोरे मात्र हातात हात घालून केव्हाच माझ्या मागच्या बाकावर चढून बसली होती.

मोठ्याने फळीवर पाय ठेवला, मग धाकट्याने ठेवला. तराजूमामाने दोन्ही वेळा मान डोलावली.

"तुम्ही आणि तुम्ही. चला, पुढे बसा."

"यांच्याबरोबर मी बसणार नाही," धाकटा म्हणाला.

"का? वजन तर सारखंच आहे."

"वजनाचा प्रश्न नाही हो."

"मग माझ्याकडे का सांगता? मागे रांग बघा केवढी आहे!"

रांगेतले लोक कुरकुरू लागले, तेव्हा दोघे मुकाट्याने बसले. मामाने मला पायाने ढकलले.

इतकी घुमी माणसे मी कधी वाहिली नव्हती. पण पाय! कुणी एक-दोन म्हणत नव्हते, तरी चारही पाय असे बरोबर पडत होते की मी पाणी कापत सुटले. मागच्या बाकावर मुलांची कुजबुज चालली होती आणि तिच्यातूनच मला सारे कळले.

दोघांचे सायकल दुरुस्तीचे दुकान होते. वडिलांनी दोघांना काम शिकवले आणि दुकानही दोघांना दिले. एकदा धाकट्याने एका गिऱ्हाइकाला संध्याकाळपर्यंत सायकल देतो असे कबूल केले. मोठा तिथेच होता. चार गिऱ्हाइकांसमोर तो म्हणाला, "त्याचं काय ऐकता? तो मदतीला असतो. दुकान माझं आहे." धाकट्याने हातातला पाना खाली ठेवला आणि तो घरी गेला. तेव्हापासून अबोला. धाकटा रस्त्याच्या पलीकडे झाडाखाली बसून पंक्चर काढायचा आणि मोठा दुकानात बसून त्याच्याकडे न बघण्याचा खटाटोप करायचा.

"आता आपण भेटणार नाही," मुलगा बहिणीला म्हणत होता. "बाबांना लांबच्या शहरात कारखान्यात नोकरी मिळालीय. आईनं भांडी बांधायला घेतली."

"कायमचे जाणार?"

"हो. शाळेचा दाखलापण काढला."

कुजबुज असली तरी माझी लांबी ती किती! मोठ्याने ते ऐकले आणि त्याचे पाय जागच्या जागी थांबले. धाकटा रागातच होता, त्याने नेमके तेव्हाच जोरात पायडल दाबले. माझी चेन वर्षानुवर्षे कोरडी. ती खाडकन उडाली आणि खाली पडली. तळ्याच्या अगदी मध्यावर मी उभी राहिले.

मोठ्याने आसनांमधली, चेनवर झाकलेली फळी उचलली. दोघे एकदमच खाली वाकले आणि डोकी आपटली.

"सरक, मी बसवतो," मोठा म्हणाला.

"वरून घेतोस? चेन कधी वरून बसते का, दादा? खालून घे."

"मला शिकवू नकोस, छोट्या. तुला चेन बसवायला मी शिकवलं."

"बाबांनी शिकवलं! तू नुसता चिमटे काढायचास!"

"जायचं ठरवलंस आणि मला पोरांच्या तोंडून कळतं?"

"मदतनिसानं कुठे जायचं ते मालकाला कशाला सांगायचं?"

मागे मुलाचे तोंड एवढेसे झाले. "ताई, आत्या म्हणाली होती हे बोलतील. हे तर भांडायला लागले."

"अरे, भांडतायत म्हणजे बोलतायतच की," ताई म्हणाली आणि तिने निवांतपणे संत्रे सोलायला घेतले.

मोठ्याने दांडा धरून ठेवला, धाकट्याने चेन खालून घेतली. एका हाताने त्याने ती चक्राच्या दातांवर चढवली आणि मोठ्याने न सांगता पायडल हळूच मागे फिरवले. चेन बसली. पण दोघे तसेच वाकलेले राहिले.

"छोट्या, ते तोंडातून निघून गेलं रे," मोठा हळूच म्हणाला. "रोज समोर झाडाखाली तुला बघतो आणि घास उतरत नाही. मी शब्द परत घेतो."

धाकट्याने डोळे पुसले, तर तेल गालाला लागले. "इथे परत घेतोस? इथे कोण आहे? दोन पोरं आणि एक बदक. तेव्हा चारचौघांत बोलला होतास, दादा. त्यानंतर लोक मला विचारायचे, तुझे मालक आहेत का दुकानात?"

दोघे पायडल मारू लागले. मला बदक म्हटल्याचा राग यायला हवा होता, पण मला रडूच येत होते. धाकट्याचे म्हणणे खरे होते आणि किनारा जवळ येत होता.

धक्क्यावर गर्दी चिडलेली होती. तराजूमामाची शिट्टी थांबत नव्हती.

"एवढा वेळ? झोपला होता का मध्ये?"

"चेन पडली होती," मोठा म्हणाला.

रांगेतल्या एका माणसाने त्याला ओळखले. "अरे, हे तर आपले सायकलवाले! मग काय, चेन बसणारच. गुण आहे हो यांच्या हाताला!"

मित्रांनो, तिथे गप्प बसणे किती सोपे होते. नुसते हसले असते तरी भागले असते. मोठा माझ्यातच उभा राहिला, मी डगमगले, आणि त्याने सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा आवाज चढवला.

"मी नाही बसवली. यानं बसवली. हा माझा धाकटा भाऊ. दुकान आमच्या दोघांचं आहे, जेवढं माझं तेवढंच याचं. मी एकदा लोकांसमोर वेगळं बोललो होतो. ते खोटं होतं."

काय चालले आहे ते कुणालाच कळेना. मग मागून एक जण ओरडला, "ते सगळं बरोबर आहे, पण आता उतरा की राव!"

सगळे हसले. झाडामागे शेंगा खाणारी आत्या तेवढी हसत नव्हती. तिने पदर तोंडाला लावला होता.

धाकटा धक्क्यावर उतरला आणि त्याने मोठ्याला हात दिला. मग माझ्याकडे वळून तो म्हणाला, "दादा, हिची चेन पार सुकलीय. उद्या आपल्या दुकानातून ग्रीस आणू."

"म्हणजे आपण जायचं नाही?" मुलाने विचारले.

"आधी तू खाली उतर. लोक खोळंबलेत."

दुसऱ्या दिवशी तळे बंद असते, तरी दोघे आले. चेन काढली, घासली, ग्रीस भरले. चेन आधी तेलात भिजवायची की नाही यावर त्यांचे चांगलेच वाजले आणि मी ते मन लावून ऐकले. आता मी कोठीमागे पडून नसते. मामा मला रोज पाण्यात सोडतो.

तर मित्रांनो, तुमच्याही घराजवळ एखादे तळे, एखादी बाग, एखादे संग्रहालय असेलच. तिथे जात जा. तिथल्या जुन्या वस्तूंना जपा, आणि कुठे काही कुरकुरत असेल तर तिथल्या माणसाला सांगा, तेलपाणी वेळेवर झाले तर आम्ही खूप वर्षे टिकतो. पण माझ्याकडे येताना एक करा. ज्याच्याशी तुमचे बोलणे बंद आहे, त्याला बरोबर घेऊन या. पहिल्या रविवारी त्याचेही तिकीट लागत नाही.