"टेकलेय थोडे दिवस"

मित्रांनो, मी एक जुनी किटली आहे, शिट्टीवाली. जुनी म्हटल्यावर लगेच हळवे होऊ नका. माझ्या बुडाला पोचा आलाय, मुठीचा रंग उडालाय, पण आवाज शाबूत आहे. तो काहींना कर्कश वाटतो. वाटू दे.

बर्मिंगहॅमजवळच्या एका कारखान्यात मी जन्मले. पत्रा दाबून माझं पोट केलं, त्याला चोच जोडली आणि चोचीवर शिट्टीचं टोपण बसवलं. पुढे लँकेशायरच्या किनाऱ्यावरच्या एका गावात, शाळेच्या स्वयंपाकघरातल्या बायकांनी वर्गणी काढून मला विकत घेतलं आणि त्यांच्यातल्या ब्रेंडाला लग्नात भेट दिली. ब्रेंडा हॅलिवेल शाळेत पोरांना जेवण वाढायची, तिचा नवरा क्लिफर्ड बस चालवायचा. दिवसाला सात-आठदा चहा व्हायचा. "आमची किटली गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाते," असं क्लिफर्ड आल्यागेल्याला सांगायचा. त्या कौतुकावर मी तीस वर्षं फुगले.

मग थंडीने क्लिफर्डचे गुडघे धरले, म्हणून म्हातारपणी दोघं स्पेनला राहायला गेली. मलाही नेलं. तिथलं पाणी जड, माझ्या पोटात चुन्याचा थर साचायचा. ब्रेंडा न चुकता दर महिन्याला व्हिनेगर घालून मला खरवडायची. चौदा वर्षं गेली, आणि क्लिफर्डही गेला. ब्रेंडाने तिथलं घर विकलं, मला टॉवेलात गुंडाळून खोक्यात घातलं आणि परतीचं तिकीट न काढता ती आपल्या गावी, थोरल्या बहिणीकडे आली.

आता या इंग्रज लोकांची एक खोड सांगते. उभा जन्म त्यांच्यात काढलाय, तेव्हा मला बोलायचा हक्क आहे. यांच्या पायावर दुसऱ्याने पाय दिला तरी हेच "सॉरी" म्हणतात. अंगात ताप असताना कसं काय विचारलं, तर म्हणतात, "तसं वाईट नाही." आपला कोणाला त्रास होऊ नये या धास्तीतच यांचं आयुष्य जातं. आमची ब्रेंडा तर त्यात पहिला नंबर.

गावातल्या दवाखान्यात ती नाव घालायला गेली. खिडकीतल्या मुलीने विचारलं, इथे किती दिवस आहात? ही म्हणाली, "काही नाही गं, बहिणीकडे टेकलेय थोडे दिवस." तिच्या मनात होतं, स्वतःची खोली मिळेपर्यंत. मुलीला वाटलं, परदेशातून आलेली पाहुणी आहे. तिने तसं लिहून टाकलं, हे आम्हाला फार पुढे कळलं. आत डॉक्टरांनी छाती तपासली आणि त्यांना हृदयाची झडप बिघडल्याचा संशय आला. दम लागतो का, असं त्यांनी विचारलं तर हिचं उत्तर ठरलेलं, तसं वाईट नाही. डॉक्टरांनी मोठ्या इस्पितळाला चिठ्ठी लिहिली, पण घाई आहे असं काही त्यात लिहिलं नाही. बाकी सगळं ब्रेंडाने घरी येऊन बहिणीला हसत हसत सांगितलं.

बहीण म्हणजे नोरीन. तिच्याकडे विजेची किटली होती. "हे भंगार स्पेनहून कशाला ओढत आणलंस?" असं म्हणून तिने मला खोक्यासकट जिन्याखालच्या कपाटात ढकललं. ब्रेंडाने हूं की चूं केलं नाही. तिची बाकीची खोकीही बांधलेलीच राहिली, का तर दुसऱ्याच्या घरात पसारा नको. तीन महिने मी केरसुणी आणि जुन्या बुटांच्या संगतीत काढले. राग आला, खोटं कशाला बोलू? पण तो नोरीनचा नव्हता, ब्रेंडाचा होता.

त्या कपाटात मला एक गोष्ट कळली, जी घरात दुसऱ्या कोणालाच ठाऊक नव्हती. जिना माझ्या डोक्यावरून जायचा. ब्रेंडा आधी तो एका दमात चढायची. मग मध्ये थांबायला लागली. मग सातव्या पायरीवर बसायला लागली, आणि तिथे बसली की तिचा श्वास मला फळीतून ऐकू यायचा. खालून नोरीन विचारायची, "काय गं, ठीक ना?" ही वरून म्हणायची, "अगं, बुटाची नाडी बांधतेय." मला तेव्हा फार भीती वाटली. पाण्याशिवाय मला ओरडताही येत नाही.

मग इस्पितळाचं पत्र आलं. तुमची नोंद परदेशी पाहुण्या म्हणून आहे, सरकारी इस्पितळात फुकट उपचार इथे राहणाऱ्यांनाच मिळतात, त्यामुळे तुम्ही इथेच राहता याची खात्री होईपर्यंत तपासणीची तारीख देता येत नाही, असं त्यात होतं. नोरीन खवळली. ब्रेंडाने ते पत्र दोनदा वाचलं, कपाट उघडलं, मला बाहेर काढलं, घासलं, भरलं आणि गॅसवर ठेवलं. नोरीनची विजेची किटली तिने हाताने बाजूला सरकवली. त्या घरात स्वतःची वस्तू तिने पहिल्यांदाच मांडली होती.

नोरीनने इस्पितळाला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. चाळीस वर्षं हिच्या पगारातून सरकारी विम्याचे पैसे कापून घेतलेत आणि आता पाहुणी म्हणता होय, असं तिने कारकुनाला सुनावलं. कारकून शांत होता. तो म्हणाला, त्यावर काही ठरत नाही, बाई. बहीण आता राहतात कुठे, एवढाच प्रश्न आहे. त्यांनाच बोलू द्या.

मग त्याने ब्रेंडाला विचारलं, "तुम्ही इथे किती दिवसांसाठी आलात?"

पुढे काय येणार ते मला ठाऊक होतं. ब्रेंडाने नेहमीचा चेहरा केला आणि ती म्हणाली, "काही नाही रे, टेकलेय..." आणि मी शिट्टी फुंकली. पाणी तोवर पुरतं उकळलं होतं की नाही, यावर मी शपथ घेणार नाही. जेवढी वाफ होती तेवढी सगळी लावली. नोरीन गॅस बंद करायला धावली.

"ऐकू आलं नाही," कारकून म्हणाला. "परत सांगता?"

ब्रेंडाने नोरीनचा हात धरला. "राहू दे तिला," ती म्हणाली, आणि माझ्या आवाजाच्या वर आवाज चढवून बोलली. "मी इथे राहते. कायमची आलेय. इथेच जन्मले, इथेच मरणार, पण इतक्यात नाही. आणि हा ओरडतोय तो माझ्या किटलीचा आवाज आहे. पाहुणी कधी स्वतःची किटली घेऊन येते का?"

पलीकडे तो हसला असावा. मग म्हणाला, डॉक्टरांच्या चिठ्ठीत तर तब्येत तशी बरी लिहिलीय.

"बरी नाहीये," ब्रेंडा म्हणाली. "जिना चढताना मध्येच बसावं लागतं. रोज. नाडी-बिडी काही नसते."

नोरीनने वळून जिन्याकडे पाहिलं. गॅस शेवटी ब्रेंडानेच बंद केला.

कारकुनाने नीट समजावलं. कायमचं राहायला आलात तर फुकट उपचारांवर पहिल्या दिवसापासून तुमचा हक्क आहे. तिथलं घर विकल्याचा कागद पाठवा, नोंद मी दुरुस्त करून घेतो, आणि जिन्याचं डॉक्टरांना आजच सांगा. "हे आधीच सांगायचं होतंत," तो म्हणाला.

"सॉरी," ब्रेंडा सवयीने म्हणून गेली. मग थांबली. "नाही, सॉरी नाही. कागद आजच पाठवते. मला तारीख पाहिजे."

कागद त्याच दुपारी गेले. पुढच्या आठवड्यात तारीख आली, आणि वसंतात नवी झडप बसली. परवा ब्रेंडा जिना एका दमात चढली आणि वर पोचून नोरीनला मुद्दाम चिडवायला लागली. नोरीन अजूनही मला भंगार म्हणते, पण चहा माझ्यातलाच पिते.

मित्रांनो, मला घासलं नाही तरी चालेल, पोचा तसाच राहिला तरी चालेल. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या घरातलं कोणी म्हातारं माणूस हसून "तसं वाईट नाही" म्हणालं, तर तेवढ्यावर निघून जाऊ नका. ऐकू आलं नाही म्हणा. परत विचारा, आणि खरं उत्तर येईपर्यंत समोरून हलू नका.