उत्तमची घागर

अक्षय तृतीया उद्यावर आली, तशी जमुनाबाई तेल्हाऱ्याहून अकोल्याला आली, ती थेट हौद चौकात. लेक प्रणाली स्कूटी लावता लावता करवादलीच, "आई, एवढ्या उन्हात काहून हट्ट धरला तू? पाहायले काय हाय अठी?"

"मले पाहू दे," एवढंच जमुनाबाई म्हणाली.

ती चौदा वर्षांची असताना याच चौकात, दंगलीत, तिचा थोरला भाऊ उत्तम गेला. गेला म्हणायचीही घरात सोय नव्हती म्हणा! बाजाराला आला होता, परतलाच नाही. संचारबंदी उठेपर्यंत पोलीस मढी कुठल्या कुठं जाळून मोकळे झाले होते. गावातल्या एकानं चौकातून एक चप्पल तेवढी आणली. मायनं ती उलटी केली, पट्ट्याला आपल्याच हातानं घातलेला सुतळीचा टाका पाहिला आणि म्हणाली, "माया पोराची नाई हे." झालं! त्या दिवसापासून उत्तम घरात जिताच राहिला. दर अक्षय तृतीयेला पितरांच्या नावानं घागर भरायची. आजाची भरली, पुढं बापाची भरली. पण उत्तमच्या नावाची घागर कोणी काढली रे काढली, की माय अंगावर धावून यायची. "जित्या पोराच्या नावानं पाणी ठेवता? लाज नाई वाटत?"

मागल्या साली मायही गेली. वर्षश्राद्ध आटोपलं, उद्या तिची घागर भरायची होती. मग उत्तमची? तो जिता का मेला, हे आता एकट्या जमुनाबाईलाच ठरवायचं होतं. जागा डोळ्यांनी पाहीन, रडू येईल, तिथंच मन मानेल, असं तिला वाटलं होतं.

कसलं रडू अन् कसलं काय! चौकातला दगडी हौद कधीचा कोरडा, त्याला कोणीतरी निळा-गुलाबी रंग फासलेला. त्याच्यापुढं पोरी फोटो काढत होत्या. रसवंतीची घुंगरं वाजत होती. जमुनाबाई हौदाला हात लावून उभी राहिली. दाढ काढताना सुई टोचतात ना, तसं तिचं सगळं अंग बधिर. दुःख नाही, राग नाही. तिला स्वतःचीच चीड आली.

"झालं समाधान?" प्रणाली म्हणाली. "चाल, घेरी येईन तुले."

हौदाच्या पलीकडं पाणपोई होती. ओलं पोतं गुंडाळलेल्या रांजणाजवळ एक म्हातारी बसली होती. तिनं न विचारताच गिलास पुढं केला. "घ्या बाई. आपल्या खारपट्ट्यातलं खारं नाई, गोड पानी हाय."

जमुनाबाई घटाघटा प्याली. म्हातारीनं पुन्हा भरून दिला. तो मात्र तिच्या हातातच राहिला. त्या दिवशीही असंच ऊन होतं. उत्तमला तहान लागली असेल. ती वळली आणि सगळं पाणी हौदाच्या दगडावर ओतलं.

"अवो बाई!" म्हातारी भडकली. "नळाची वाट पाहू पाहू जीव जाते आमचा, अन् तुमी प्याचं पानी गोट्यावर ओतून राहिल्या? कोनासाठी ओतलं?"

"भावासाठी," जमुनाबाई म्हणाली. "मेला तो. अठीच मेला."

बोलून गेली आणि तीच दचकली. त्यांच्या घरात हा शब्द उत्तमसाठी आजवर कोणी उच्चारला नव्हता. प्रणाली आईकडं पाहतच राहिली. जमुनाबाईचे डोळे तरीही कोरडेच होते.

म्हातारीनं गिलास घेतला, काठोकाठ भरला आणि परत तिच्या हातात दिला. "द्या. पोटभर द्या त्याले."

परतताना कुंभाराकडं जमुनाबाईनं दोन घागरी बोटानं वाजवून घेतल्या. प्रणालीला राहवेना. "आई, आजीले चालन काय पन हे? तिनं जिंदगीभर भरू नाई देल्ली."

"नाई रागावनार आता," जमुनाबाई म्हणाली. "भेटला असंन तिले तो."

स्कूटीवर बसताना तिनं मायची घागर प्रणालीच्या पायाशी ठेवली आणि उत्तमची स्वतःच्या मांडीवर घेतली.